त्यांच्या घरी काय चाललं असेल?

ऑगस्ट २०२५ मध्ये जिम लोव्हेल गेले. ९७ वर्षांचे होते, म्हणजे तसं सोनंच झालं म्हणायचं. आमच्याकडच्या पेपरात आतल्या पानावर छोटीशी बातमी होती. मी ती दोनदा वाचली, तेव्हा सुनेनं विचारलं, "आई, कोण हो हे? ओळखीचे होते का?"

"ओळखीचे कसले! अगं, ह्या माणसासाठी माझ्या आईनं देवापाशी सुपारी ठेवली होती."

ती हसायला लागली. तिला वाटलं, मी थट्टा करतेय.

पण खरंच ठेवली होती. एक नाही, तीन सुपाऱ्या. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ हे यान चंद्राच्या वाटेवर अडकलं होतं, त्या आठवड्यातली ही गोष्ट.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. मॅट्रिकची परीक्षा मार्चमध्ये आटोपली होती आणि निकाल जूनमध्ये. मधले दोन महिने म्हणजे पापड, कुरडया, सांडगे आणि दुपारी जमिनीवर लोळत पेपर वाचणं. सांगली जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. पेपर पुण्याहून एसटीनं यायचा, दुपार व्हायची. टीव्ही नावाची वस्तू आम्ही पाहिलेली नव्हती. मुंबईला दूरदर्शन सुरू झालं तेच मुळी १९७२ साली. रेडिओ होता तो शेजारच्या नानांकडे. बातम्यांच्या वेळी नाना आवाज मोठा करायचे आणि आम्ही आमच्या ओसरीवर बसून ऐकायचो.

चंद्राचं वेड मात्र सगळ्यांनाच लागलेलं होतं. आदल्या जुलैत आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये ते तिघेही अंतराळवीर मुंबईला येऊन गेले, त्याचे फोटो मी कापून वहीत चिकटवले होते. अपोलो १२ पण जाऊन आलं. त्यामुळे अपोलो १३ निघालं तेव्हा कुणाला फारसं अप्रूप उरलं नव्हतं. नाना तर म्हणाले, "आता काय, एसटी सुटावी तशी सुटतायत!" नंतर कळलं की खुद्द अमेरिकेतही हीच तऱ्हा होती. यानातून तिघांनी टीव्हीसाठी कार्यक्रम केला, आत कसे राहतो ते दाखवलं, तर तिथल्या एकाही मोठ्या वाहिनीनं तो थेट दाखवला नाही. लोव्हेलची बायको मॅरिलिन मुलींना घेऊन अंतराळ केंद्रात गेली, तेव्हा तिला नवरा दिसला!

तो कार्यक्रम संपला आणि नऊ-दहा मिनिटांत धमाका झाला. ह्यूस्टनच्या घड्याळात १३ एप्रिलच्या रात्रीचे नऊ वाजून गेले होते. यानाचा नंबर तेरा, सुटलं ते तिथल्या घड्याळात दुपारी एक वाजून तेरा मिनिटांनी म्हणजे तेरा-तेराला, आणि अपघात तेरा तारखेला. तिकडे तेराच्या आकड्याचा अपशकुन मानतात, त्यामुळे त्यावर पुष्कळ लिहून आलं. गंमत अशी की आपल्याकडे तेव्हा चौदा तारीख उजाडून सकाळचे साडेआठ वाजून गेले होते. आंबेडकर जयंती. म्हणजे आपल्या पंचांगात तरी त्या अपघाताला तेराचा काही दोष नव्हता.

बातमी आम्हाला त्या दिवशी संध्याकाळी कळली. जयंतीची मिरवणूक बघायला आम्ही कोपऱ्यावर गेलो होतो. परत आलो तर नाना दारातच उभे. "यान फुटलं," म्हणाले. मग सावरून म्हणाले, "म्हणजे फुटलं नाही, टाकी फुटली. प्राणवायूची. माणसं जिवंत आहेत." सगळ्यांनी वर पाहिलं. चैत्रातला शुक्लपक्ष, अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र डोक्यावर आलेला. ते तिघं तिथेच कुठेतरी, त्या चंद्राच्या जवळ पोहोचत होते. आणि माघारी वळायची सोय नव्हती. चंद्राला वळसा घालूनच परत यावं लागणार होतं.

आई पदरानं हात पुसत बाहेर आली. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "त्यांच्या घरी काय चाललं असेल हो?"

नानांकडे ह्याचं उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातही नव्हतं. प्राणवायू किती उरला, वीज किती उरली, किती मैल राहिले, सगळं होतं. आईचा प्रश्न तेवढा कुणी विचारलाच नव्हता.

तिनं तो का विचारला, हे मला कळत होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या दिवशी बाबा ऑफिसच्या कामानं पुण्यात होते. तीन दिवस काही कळलं नव्हतं. तार नाही, माणूस नाही. मी सात वर्षांची होते, पण एवढं आठवतं की आई स्वयंपाक करायची, आम्हाला वाढायची, आणि मग दारात जाऊन उभी राहायची. रडली मात्र नाही. चौथ्या दिवशी बाबा चिखलानं माखलेल्या कपड्यांत आले, तेव्हा "आंघोळीला पाणी ठेवते" एवढंच म्हणाली.

तर त्या रात्री तिनं देवापाशी तीन सुपाऱ्या ठेवल्या. बाबांनी चेष्टा केली, "अगं, ते ख्रिश्चन आहेत." आई म्हणाली, "सुपारीला कुठे कळतंय?"

यानात नक्की काय झालं होतं, ते मला नीट समजलं ते पुष्कळ पुढे, पुस्तकं वाचून. अपोलोच्या मुख्य यानाचं नाव ओडिसी. त्यात वीज तयार व्हायची ती हायड्रोजन आणि प्राणवायू एकत्र करून, आणि त्यातूनच प्यायचं पाणीही मिळायचं. म्हणजे प्राणवायूच्या टाक्या गेल्या की वीजही गेली, पाणीही गेलं आणि श्वासही गेला. पृथ्वीपासून तीन लाख वीस हजार किलोमीटरवर. लोव्हेलनं खिडकीतून पाहिलं तर कसलातरी वायू भसाभसा बाहेर पडत होता.

वाचवलं ते चंद्रावर उतरायच्या छोट्या यानानं. त्याचं नाव अक्वेरियस, म्हणजे आपली कुंभ रास. पाण्याचा घडा! आणि त्यातच पाणी कमी. ते दोन माणसांसाठी, जेमतेम दोन दिवसांसाठी बनवलेलं. त्यात तिघं जण चार दिवस राहिले. वीज वाचवायची म्हणून जवळजवळ सगळं बंद. ओडिसीतलं तापमान तीन-चार अंशांवर आलं. भिंतींवर दव साठलं. पाणी प्रत्येकी दिवसाला दोनशे मिली, आपल्या साध्या पेल्यापेक्षाही कमी. लघवी बाहेर सोडायची नाही, यानाची दिशा बिघडेल म्हणून तीसुद्धा पिशव्यांत साठवायची. फ्रेड हेज तर मूत्रमार्गाच्या संसर्गानं तापानं फणफणला. तिघांची मिळून वजनं चौदा किलोनं घटली.

आणि मग तो प्रसंग, जो वाचताना मला प्रत्येक वेळी आपलं स्वयंपाकघर आठवतं! तिघांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायला डबे असतात. अक्वेरियसमधले डबे दोघांपुरते, ते संपत आले. ओडिसीत भरपूर डबे पडलेले, पण ते चौकोनी आणि अक्वेरियसची भोकं गोल! एवढ्या हुशार लोकांनी, एवढा पैसा ओतून बनवलेली दोन यानं, आणि एकाचं झाकण दुसऱ्याला बसत नाही. आपल्याकडे एका कंपनीच्या बरणीवर दुसऱ्या कंपनीचं झाकण बसवायचं म्हटल्यावर काय होतं, ते आपल्याला माहितीच आहे.

ह्यूस्टनमधल्या इंजिनियरांनी यानात ज्या वस्तू आहेत तेवढ्याच टेबलावर घेतल्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या, माहितीपुस्तकाचा पुठ्ठा, पोशाखाच्या नळ्या, एक पायमोजा आणि ती राखाडी रुंद चिकटपट्टी. त्यातून एक जोडणी तयार केली आणि ती कशी करायची, ते रेडिओवरून एकेक पायरी करत वर सांगितलं. कापा, चिकटवा, दुमडा. चित्र दाखवायची सोय नाही, नुसतं बोलून. फोनवरून माहेरच्या वहिनीला चकलीची भाजणी सांगावी तसं! तासाभरात वरच्यांनी ते बनवलं आणि हवा शुद्ध व्हायला लागली.

गावातल्या आम्हाला ह्यातलं काही माहीत नव्हतं. १५ तारखेच्या सकाळी सव्वाआठच्या सुमारास, आम्ही चहा घेत होतो तेव्हा, चंद्राला वळसा घालून आलेल्या अक्वेरियसचं इंजिन साडेचार मिनिटांच्या आतबाहेर चालवलं गेलं आणि परतीचा वेळ काही तासांनी कमी झाला. त्या वळशात ते पृथ्वीपासून चार लाख किलोमीटरच्या पलीकडे गेले होते. त्याआधी माणूस कधीच इतका दूर गेलेला नव्हता.

शुक्रवारी, १७ तारखेला आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, ओटीला कलिंगडाच्या फोडी. तीस-चाळीस बायका आल्या असतील. मी पन्ह्याचे पेले भरत होते आणि सगळीकडे एकच विषय. एक जाऊबाई म्हणाल्या, "चंद्र म्हणजे देव. देवावर पाय ठेवायला गेले, आता भोगतायत!"

आई कुंकू लावता लावता म्हणाली, "कोप-बीप काही नाही हो. टाकी फुटल्येय. घरात स्टोव्ह भडकतो तो काय देवाच्या कोपानं?"

आणि मग पुन्हा तेच, "पण त्यांच्या बायका आज कशा बसल्या असतील!" ह्यावर सगळ्याच जणी गप्प झाल्या. जाऊबाईसुद्धा.

त्या रात्री आई झोपली नाही. आपल्या वेळेनुसार रात्री साडेअकराच्या पुढे ते समुद्रात उतरणार, हे नानांनी सांगून ठेवलं होतं, पण तेवढ्या रात्री ऐकायला मिळणार काय? सकाळी नानांचा रेडिओ खणखणला. तिघंही सुखरूप. आईनं सुपाऱ्या उचलल्या, उरलेलं पन्हं आम्हाला दिलं आणि म्हणाली, "आज पुरणाचं करू या का?" कालच्या डाळीनं सगळ्यांचीच पोटं जड झाली होती, म्हणून पुरण काही झालं नाही.

आई १९९१ साली गेली. त्या मोहिमेवरचा टॉम हँक्सचा चित्रपट आला तो १९९५ मध्ये, आणि मी पाहिला तो त्याच्याही नंतर, केबलवर. अर्धा बघून झाला आणि लक्षात आलं, हे तर आईच्या प्रश्नाचं उत्तर आहे. चित्रपटात मॅरिलिनच्या बोटातली लग्नाची अंगठी आंघोळ करताना निसटून मोरीत जाते. आपल्याकडे मंगळसूत्र वाढवलं की जे काळजात होतं, तेच तिच्या चेहऱ्यावर. म्हणजे त्यांच्यातही असतं हे! मला उगाचच बरं वाटलं.

मग मी शोधून शोधून वाचलं. तर आई, त्यांच्या घरी हे चाललं होतं.

ह्यूस्टनजवळ टिंबर कोव्ह नावाची वसाहत. लोव्हेलना चार मुलं, सगळ्यांत धाकटा चार वर्षांचा. अंतराळवीरांच्या घरात एक छोटा स्पीकर बसवून देत. यान आणि केंद्र यांचं जे बोलणं चालायचं ते त्यावर ऐकू यायचं. विचार करा, आपल्या माणसाचा आवाज घरात सतत येतोय, तो आकडे सांगतोय, आणि आपल्याला त्यातलं निम्मं कळत नाही. पण आवाज थकलाय का, चिडलाय का, हे बायकोला कळल्याशिवाय राहील? शेजारणी, इतर अंतराळवीरांच्या बायका येऊन बसल्या. कुणी खाणं आणलं, कुणी मुलांकडे पाहिलं. फ्रेड हेजची बायको मेरी तर सात महिन्यांची गरोदर होती.

ज्यांना तो टीव्हीचा कार्यक्रम दाखवावासा वाटला नव्हता, तेच टीव्हीवाले आता अंगणात ठाण मांडायला आले. चित्रपटातली मॅरिलिन त्यांना सरळ नाही म्हणते. मला तो प्रसंग सगळ्यांत आवडतो.

तिसरा जॅक स्वायगर्ट. तो अविवाहित होता. त्याची गोष्ट निराळीच. मूळ गडी होता केन मॅटिंग्ली. पण सोबतच्या एका अंतराळवीराला जर्मन गोवर झाला, मॅटिंग्लीला तो पूर्वी झालेला नव्हता, म्हणून डॉक्टरांनी ऐनवेळी त्याला वगळलं आणि उड्डाणाच्या दोन-तीन दिवस आधी स्वायगर्टला घेतलं. (मॅटिंग्लीला गोवर शेवटपर्यंत झालाच नाही! उलट तो जमिनीवर राहिला आणि बंद पडलेलं ओडिसी थोड्याशा विजेत परत कसं सुरू करायचं, ते शोधायला त्याची फार मदत झाली.) घाईत निघालेल्या स्वायगर्टला वर गेल्यावर आठवलं की आपण इन्कम टॅक्सचं विवरणपत्र भरलेलंच नाही. त्यानं ते रेडिओवरून सांगितलं आणि ह्यूस्टनमध्ये सगळे हसले. हे अपघाताच्या आधीचं. त्याला मुदतवाढ मिळाली, देशाबाहेर आहे म्हणून!

परतीच्या शेवटच्या टप्प्यात यान वातावरणात शिरतं तेव्हा काही मिनिटं रेडिओ बंद पडतो. ही शांतता अपेक्षेपेक्षा जवळजवळ दीड मिनिट लांबली. दीड मिनिट म्हणजे काय, ते दारात उभी राहिलेलीच सांगू शकेल. मग आवाज आला, तीन छत्र्या दिसल्या, आणि यान सामोआजवळ प्रशांत महासागरात उतरलं.

चूक कुठे झाली, ते नंतर चौकशीत निघालं. ती टाकी १९६८ मध्ये कारखान्यात जेमतेम दोन इंचांवरून आपटली होती. बाहेरून काही दिसलं नाही. उड्डाणापूर्वीच्या चाचणीत ती रिकामी होईना, म्हणून आतला हीटर तासन् तास चालू ठेवून प्राणवायू उकळून घालवला. गिझरला असतो तसा हीटर बंद करणारा थर्मोस्टॅट टाकीतही होता, पण तो २८ व्होल्टचा आणि जोडलेली वीज ६५ व्होल्टची. तो जळून चिकटून बसला. आत तापमान पाचशे अंशांच्या वर गेलं असावं आणि तारांवरचं आवरण करपलं. आणि तापमान दाखवणारा काटा सत्तावीस अंशांच्या पुढे जातच नव्हता! समोर बसलेल्याला वाटलं, सगळं ठीक आहे. हे वाचल्यापासून मी घरातल्या गिझरच्या दिव्यावर विश्वास ठेवत नाही, हात लावून बघते.

अजून एका बाईचं सांगायचंय. उड्डाण संचालक जीन क्रांझ प्रत्येक मोहिमेला पांढरं जाकीट घालायचे. ते त्यांच्या बायकोनं, मार्टानं शिवलेलं असायचं. प्रत्येक मोहिमेला नवं. अपोलो १३ चं जाकीट आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. जाकिटाचे फोटो पुष्कळ आहेत. शिवणारीचा मला एकही चटकन सापडला नाही.

इथपर्यंत आईचा प्रश्न झाला. आता माझा.

चार-पाच वर्षांपूर्वी नातीच्या मोबाइलवर अपोलोबद्दल काही बघताना एक फोटो समोर आला. हेडफोन लावलेली, कागदांवर वाकलेली एक तरुण मुलगी. फ्रान्सिस नॉर्थकट, सगळे पॉपी म्हणायचे. टेक्सास विद्यापीठातून गणित घेऊन पदवीधर झालेली. १९६५ मध्ये नासासाठी काम करणाऱ्या कंपनीत नोकरीला लागली, ती आकडेमोड करणारी म्हणून. पुढे इंजिनियर झाली. १९६८ मध्ये अपोलो ८ च्या वेळी मोहीम नियंत्रण केंद्राच्या तांत्रिक चमूत काम करणारी ती पहिली स्त्री. आणि तिचं काम काय? चंद्राकडून पृथ्वीकडे परत यायचा मार्ग काढायचं गणित!

अपोलो १३ च्या वेळीही ती त्या कामात होती. वय वर्षं सव्वीस. पुरुषांपेक्षा पगार कमी, आणि बाईमाणूस म्हणून ओव्हरटाइमच्या पैशाला कायद्याची आडकाठी, म्हणून जास्तीचे तास ती फुकट करायची. टीव्हीचा एक वार्ताहर मुलाखतीला आला, तर त्यानं विचारलं काय, की तोकडा स्कर्ट घातलेली सुंदर मुलगी समोर असली की पुरुषांचं कामात लक्ष राहतं का! पुढे ती वकील झाली, बायकांच्या हक्कांसाठी लढली.

आणखी एक ज्युडिथ लव्ह कोहेन. अक्वेरियसमध्ये एक जादाची मार्गदर्शक यंत्रणा होती, परतीच्या वाटेवर ती कामाला आली. ती बनवणाऱ्या चमूत ही होती. ऑगस्ट १९६९ मध्ये बाळंतपणाच्या दिवशीसुद्धा ती ऑफिसला गेली, कळा सुरू झाल्यावर न सुटलेल्या गणिताचे कागद घेऊन दवाखान्यात दाखल झाली, आणि नंतर साहेबाला फोन करून सांगितलं की गणित सुटलंय, आणि हो, बाळही झालंय. ते बाळ म्हणजे सिनेनट जॅक ब्लॅक.

मैत्रिणींनो, तो हेडफोनवाला फोटो मी किती वेळ बघत बसले, सांगता येत नाही. कारण एप्रिल १९७० चा तो पेपर मी अक्षरन् अक्षर वाचला होता. यानाची आकृती वहीत काढली होती. त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं की हा परतीचा रस्ता शोधणाऱ्यांत एक मुलगी पण आहे.

जूनमध्ये माझा निकाल लागला. गणितात ८७. शाळेत दुसरी. आमच्या सरांनी घरी येऊन बाबांना सांगितलं, "हिला सायन्सला घाला." सायन्सचं कॉलेज एसटीनं तासाभराच्या अंतरावर, गावातल्या कॉलेजात फक्त आर्ट्स. बाबा वाईट नव्हते, हे आधी सांगते. त्यांनी दोन दिवस खरोखर विचार केला. मग म्हणाले, "एवढं गणित शिकून मुलीनं करायचं काय? कुठे लागतं ते?"

आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "तिला विचारा ना."

बाबांनी विचारलं. आणि मला उत्तर देता आलं नाही. गणित शिकलेली बाई काय करते, ते मी पाहिलेलं नव्हतं, वाचलेलं नव्हतं. "शिक्षिका होईन," म्हटलं. "मग त्याला आर्ट्स चालतं की," बाबा म्हणाले. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

मी आर्ट्स केलं, डी.एड. केलं, बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. माझ्या वर्गातली पोरं भागाकारात कच्ची राहिली नाहीत. संसारही नीट झाला. रडगाणं गायला मी ही गोष्ट काढलेली नाही. फक्त बाबांनी विचारलं त्या दिवशी माझ्या हातात तो एक फोटो असता, तर मी निदान तो पुढे केला असता. त्यावर बाबा काय म्हणाले असते कोण जाणे. कदाचित "ती अमेरिका आहे" एवढंच.

मॅरिलिन २०२३ मध्ये गेली, ९३ वर्षांची होऊन. एकाहत्तर वर्षांचा संसार! लोव्हेलनी १९६८ मध्ये चंद्राभोवती फिरताना तिथल्या एका डोंगराला तिचं नाव दिलं होतं. २०१७ मध्ये ते नाव अधिकृत झालं, माउंट मॅरिलिन. इतक्या वर्षांनी का होईना, कागदावर आलं.

लोव्हेलच्या बातमीचा तो पेपर अजून टेबलावरच होता, तेव्हा नात शाळेतून आली. सातवीत आहे. तिला मी सगळं सांगितलं, सुपाऱ्यांपासून पॉपीपर्यंत. तिनं पॉपीचा फोटो पुन्हा काढून मोठा करून पाहिला. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "आजी, तुला गणितात किती होते?"

"सत्याऐंशी."

"शंभरपैकी?"

"शंभरपैकी."

"मग?"

कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. मी गॅस बंद करायला उठले. ती तिथेच उभी होती, मोबाइल हातात धरून, उत्तराची वाट बघत.